स्पेसिफिक हीटचं युनिट बदलायचंय? आधी डावं टोक बघा

सिम्युलेशन रात्रभर चाललं, सकाळी चहा घेत आउटपुट फाईल उघडली, स्पेसिफिक हीटच्या (शाळेतली विशिष्ट उष्माधारकता) कॉलममध्ये १.५८ × १०^-२३ असले आकडे दिसतायत आणि प्रयोगवाल्यांच्या पेपरात लोखंडाला २५ ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन लिहिलंय. या दोघांच्या मधे फक्त गुणाकार-भागाकार आहे, बाकी काही नाही, पण मी स्वतः पहिल्या वर्षी यात दीड आठवडा घालवलाय आणि नंतर आलेल्या प्रत्येक नव्या पोराला-पोरीला तिथेच अडकताना बघितलंय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

हे लिखाण अणू-पातळीवरच्या स्पिन सिम्युलेशनसाठी आहे, म्हणजे प्रत्येक चुंबकीय अणूवर ठरावीक लांबीचा एक बाण (स्पिन), शेजाऱ्यांशी एक्सचेंज (म्हणजे शेजारच्या बाणांमधली चुंबकीय जोडणी), आणि मॉन्टे कार्लो किंवा स्टोकॅस्टिक लँडाऊ-लिफशिट्झ-गिल्बर्टने (बाणांना तापमानाप्रमाणे यादृच्छिकपणे हलवायच्या दोन पद्धती) तापमान द्यायचं. तुम्ही यॉर्कचं व्हॅम्पायर वापरत असाल, अप्सालाचं यूपीएएसडी वापरत असाल किंवा स्वतःचा दोनशे ओळींचा कोड, काही फरक पडत नाही. १०^-२३ म्हणजे दहाचा उणे तेविसावा घात, असंच सगळीकडे वाचा. आणि बोल्ट्झमनच्या स्थिरांकाला मी खाली के-बी म्हणणार आहे, ग्रुपमध्ये सगळे तेच म्हणतात.

भाव कशाचा ते आधी विचारा

मे महिन्यात हापूसचा भाव विचारला की कोणी डझनाचा सांगतं, कोणी पेटीचा, कोणी किलोचा, आणि डझनाचा आकडा पेटीचा समजून कोणी घासाघीस केली तर आंबेवाला नुसता बघत राहतो. स्पेसिफिक हीटचं तंतोतंत तेच आहे. 'ज्यूल प्रति केल्विन' हे अर्धंच वाक्य आहे, पुढे 'कशाचे' हे नसेल तर त्या आकड्याला अर्थ नाही. एका स्पिनचे? अख्ख्या सिम्युलेशन बॉक्सचे? एक मोल अणूंचे की एक मोल फॉर्म्युला युनिटचे? एक किलोचे की एक घनमीटरचे? माझ्या अनुभवात चुका ज्यूल-इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये फार होत नाहीत, या 'कशाचे' मध्ये होतात.

म्हणून माझी पद्धत अशी की कुठूनही आकडा आला तरी पहिल्यांदा तो के-बी प्रति स्पिन मध्ये आणायचा, तिथे तो बरोबर आहे याची खात्री करायची, आणि मगच मोल, किलो, घनमीटर जे काय हवंय तिकडे जायचं. थेट १०^-२३ वरून ज्यूल प्रति किलोवर उडी मारायची नाही. मधे चूक असेल तर शेवटच्या आकड्यात ती दिसतच नाही, कारण ज्यूल प्रति किलोमध्ये किती यायला पाहिजे याचा आपल्याला काही अंदाज नसतो. के-बी प्रति स्पिनमध्ये मात्र असतो.

लागणारे आकडे

वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. के-बी = १.३८०६४९ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन, अॅव्होगाड्रोचा आकडा = ६.०२२१४०७६ × १०^२३ प्रति मोल. २० मे २०१९ पासून हे दोन्ही आकडे व्याख्येनेच ठरवलेले आहेत, त्यात एरर बार नाही. दोघांचा गुणाकार ८.३१४४६, म्हणजे अकरावी-बारावीत आदर्श वायूच्या समीकरणात भेटलेला तोच आर. हा योगायोग नाही, पुढे सगळं यावरच चालणार आहे.

एनर्जी इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये असेल तर १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट = १.६०२१७६६३४ × १०^-१९ ज्यूल, त्यामुळे के-बी = ०.०८६१७३ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट प्रति केल्विन. डीएफटीवाल्यांकडून (इलेक्ट्रॉनचं क्वांटम गणित करणाऱ्यांकडून) एक्सचेंज आलं असेल तर ते बहुतेक मिलिरिडबर्गमध्ये असतं, १ मिलिरिडबर्ग = १३.६०५७ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट = २.१७९८७ × १०^-२१ ज्यूल, आणि त्या युनिटमध्ये के-बी = ०.००६३३३६ मिलिरिडबर्ग प्रति केल्विन. तपासायची सोपी खूण: १ मिलिरिडबर्ग म्हणजे जवळपास १५८ केल्विन.

उदाहरणाला लोखंड घेऊ, बीसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मध्यभागी अणू), बाजू २.८६६ अँगस्ट्रॉम, एका पेशीत (युनिट सेलमध्ये) २ अणू, मोलर मास ५५.८४५ ग्रॅम, घनता ७.८७४ ग्रॅम प्रति घन सेंमी, क्युरी तापमान (ज्याच्या वर लोखंडाचं चुंबकत्व जातं) १०४३ केल्विन. व्हॅम्पायरच्या उदाहरणांत लोखंडाचं एक्सचेंज ७.०५ × १०^-२१ ज्यूल प्रति लिंक (शेजाऱ्यांच्या एका जोडीमागे) दिसतं, तेच वापरू (म्हणजे ४४ मिलि-इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे ३.२३ मिलिरिडबर्ग, हे तुम्ही स्वतः करून बघा, हात बसेल). हा आकडा आकाशातून पडलेला नाही, ३ × के-बी × १०४३ ला ८ शेजारी आणि ०.७६६ च्या करेक्शनने (साध्या मीन-फील्ड अंदाजाची दुरुस्ती) भागलं की हाच येतो.

पहिली पायरी: फ्लक्चुएशनवरून के-बी प्रति स्पिन

स्पेसिफिक हीट काढायचे दोन रस्ते. एक म्हणजे सरासरी एनर्जीचा तापमानाशी उतार काढायचा. दुसरा, जो बहुतेक कोड आतल्या आत वापरतात, तो म्हणजे एनर्जी किती हलतेय ते बघायचं: एकूण एनर्जीच्या वर्गाची सरासरी, वजा सरासरीचा वर्ग, म्हणजे व्हेरिअन्स, भागिले के-बी × तापमानाचा वर्ग. यातून अख्ख्या बॉक्सची हीट कपॅसिटी येते. स्पिनच्या संख्येने भागलं की एका स्पिनची.

आता इथला पहिला खड्डा. तुमच्या फाईलमध्ये एनर्जी बॉक्सची एकूण आहे की प्रति अणू? प्रति अणू असेल तर व्हेरिअन्सला स्पिनच्या संख्येने भागायचं नाही, गुणायचं. हे ऐकायला उलटं वाटतं म्हणून सगळे चुकतात. कारण साधं आहे, प्रति अणू करताना एनर्जीला एकदा एनने (स्पिनच्या संख्येने) भागलं, पण व्हेरिअन्समध्ये तो एन वर्गात जातो, म्हणजे दोनदा भागलं गेलं, आपल्याला हवा होता एकदाच, म्हणून एक परत द्यायचा.

करून बघू. समजा २० × २० × २० पेशी, म्हणजे १६००० अणू, तापमान ३०० केल्विन, आणि प्रति अणू एनर्जीचं स्टँडर्ड डेव्हिएशन मिळालं ३.५ × १०^-२३ ज्यूल. वर्ग केला, १.२२५ × १०^-४५. सोळा हजारने गुणलं, १.९६ × १०^-४१. खाली के-बी × ९०००० = १.२४३ × १०^-१८. भागाकार १.५८ × १०^-२३ ज्यूल प्रति केल्विन प्रति अणू. हाच तो सकाळचा फाईलमधला आकडा! के-बीने भागला की १.१४. झालं, १.१४ के-बी प्रति स्पिन, माणसाला कळेल असा आकडा.

तुमच्या फाईलमध्ये १०^-१९ च्या आसपासचे आकडे असतील तर ती बहुतेक अख्ख्या बॉक्सची किंमत आहे, कारण सोळा हजार के-बी म्हणजे २.२ × १०^-१९. आणि आकडे सरळ १, १.२, २ असे दिसत असतील तर कोडने आधीच के-बीने भागून दिलंय, परत भागू नका. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं, पण मॅन्युअलवर विश्वास ठेवण्यापेक्षा पुढची पायरी करा.

एक छोटं पण त्रासदायक प्रकरण: व्हेरिअन्स कोडच्या आत काढला तर ठीक, पण टेक्स्ट फाईलमधून एनर्जीचा कॉलम उचलून नंतर पायथनमध्ये काढणार असाल तर फाईलमध्ये किती आकडे छापलेत ते बघा. १० केल्विनला आपल्या १६००० अणूंची एनर्जी साधारण -२.८०६ × १०^-२० ज्यूल प्रति अणू असते आणि हलते फक्त १.१ × १०^-२४ ने, म्हणजे हालचाल पाचव्या आकड्यात आहे. चारच आकडे छापले असतील तर कॉलममध्ये एकच किंमत शंभर वेळा दिसेल आणि स्पेसिफिक हीट शून्य! मग लोक त्यात क्वांटम परिणाम शोधत बसतात. छापायची अचूकता वाढवा, बस.

दुसरी पायरी: डावं टोक

आता या सगळ्यातली खरी गोष्ट. क्लासिकल हायझेनबर्ग स्पिन, म्हणजे कुठल्याही दिशेला वळू शकणारा ठरावीक लांबीचा बाण, थंड तापमानाला आपल्या जागेभोवती फक्त दोन दिशांना डुलू शकतो (तिसरी दिशा म्हणजे लांबी, ती बांधलेली). प्रत्येक डुलण्याला अर्धा के-बी-टी (के-बी × तापमान) एनर्जी, दोनाचे मिळून एक के-बी-टी, म्हणून स्पेसिफिक हीट बरोबर १ के-बी प्रति स्पिन. लोखंड असो, कोबाल्ट असो, फेरो (शेजारी एकाच दिशेला) असो, अँटिफेरो (शेजारी उलट दिशेला) असो, अॅनिसोट्रॉपी (स्पिनची आवडती दिशा) टाका, फील्ड टाका, तापमान शून्याकडे नेलं की कर्व्हचं डावं टोक एकवर यायलाच पाहिजे. दुकानात तराजूवर एक किलोचं वजन ठेवून तपासतात ना, तसं हे वजन तुम्हाला फुकट मिळालंय.

अपवाद आहेत, ते माहीत असू द्या. आयझिंग स्पिन फक्त वर-खाली, त्याची स्पेसिफिक हीट थंडीत शून्याला जाते. एकाच प्रतलात फिरणारा स्पिन असेल तर अर्धा. आणि कागोमे जाळीवर, जपानी टोपलीच्या विणीवरून जिचं नाव पडलंय त्या त्रिकोण-षटकोनांच्या जाळीवर, शेजाऱ्यांशी अँटिफेरो जोडलेले हायझेनबर्ग स्पिन ११/१२ देतात, कारण काही डुलणी इतकी मऊ असतात की त्यांना पूर्ण वाटा मिळत नाही. ०.९१७ आणि १ मधला फरक सिम्युलेशनमध्ये खरंच दिसतो, मला तो पहिल्यांदा दिसला तेव्हा मी उगाच तीनदा चेक केलं होतं. पण साध्या बीसीसी लोखंडाला एकच.

माझी फजिती सांगतो. पहिल्या वर्षी मी ग्रुप मीटिंगमध्ये मोठ्या अभिमानाने कर्व्ह दाखवला, १०४३ केल्विनजवळ सुंदर शिखर, ज्यूल प्रति किलोमध्ये, रंगीत वगैरे. आमच्यातली एक सिनियर ताई बराच वेळ बघत बसली आणि म्हणाली, "अरे, हे के-बीमध्ये किती होतं? डावीकडचं टोक?" मी तिथेच कॅल्क्युलेटर काढला. चार. "चार कसं येईल? एक यायला पाहिजे ना?" मी म्हणालो, पण ताई, क्युरी तापमान तर बरोबर आलंय. ती म्हणाली, "तेच तर सांगतेय, तापमान बरोबर आणि उंची चौपट, म्हणजे एनर्जी दोनदा मोजलीयस."

आणि तसंच निघालं. स्पिनवर लागणारं फील्ड बरोबर होतं म्हणून हालचाल बरोबर, क्युरी तापमान बरोबर, पण एनर्जीची बेरीज करताना मी प्रत्येक जोडी दोनदा धरली होती, एकदा राम-श्याम आणि एकदा श्याम-राम. एनर्जी दुप्पट, व्हेरिअन्स चौपट. हॅमिल्टोनियन (एकूण एनर्जीचं सूत्र) लिहिताना कोणी बाहेर अर्धा लिहितं, कोणी लिहीत नाही, कोणी प्रत्येक जोडी एकदाच धरतं, त्यामुळे ही चूक पिढ्यान् पिढ्या चालू आहे आणि राहील.

यातून निघालेला नियम मी तेव्हापासून सगळ्यांना सांगतो. कर्व्ह आडवा सरकलाय की उभा ताणलाय ते बघा. एक्सचेंजची किंमतच चुकली असेल, समजा दुप्पट घेतली, तर शिखर १०४३ ऐवजी दुप्पट तापमानाला जातं, पण डावं टोक एकवरच राहतं, कारण डुलण्याचा वाटा एक्सचेंजवर अवलंबून नाही. उलट एनर्जीची बेरीज किंवा युनिट चुकलं असेल तर शिखर जागच्या जागी आणि अख्खा कर्व्ह वर किंवा खाली जातो. दोन वेगळे आजार, दोन वेगळी लक्षणं.

आणखी एक: फ्लक्चुएशनवाली किंमत आणि उतारवाली किंमत दोन्ही काढा आणि एकमेकांनी भागा. बरोबर असेल तर १. एनर्जी दुप्पट मोजली असेल तर उतार दुप्पट होतो आणि फ्लक्चुएशन चौपट, म्हणजे गुणोत्तर २. इथे कर्व्ह थंडीपर्यंत नेलेला नसला तरी चालतं, दोन-तीन जवळजवळची तापमानं पुरतात. गुणोत्तर १६००० किंवा १/१६००० आलं तर एनने भागायचा-गुणायचा घोळ आहे, तो लगेच कळतो. आणि १.०५, ०.९३ असं काहीतरी आलं तर युनिट बरोबर आहे, तुमचं रन छोटं पडलंय, जास्त वेळ चालवा. क्युरी तापमानाजवळ तर हमखास छोटं पडतं.

हौस असेल तर क्षेत्रफळ पण तपासा. पूर्ण ओळीत उभ्या लोखंडाची एनर्जी ८ शेजारी × ७.०५ × १०^-२१ भागिले २, म्हणजे २.८२ × १०^-२० ज्यूल प्रति अणू. के-बीने भागली की २०४२ केल्विन. स्पेसिफिक हीट के-बीमध्ये आणि तापमान केल्विनमध्ये धरून काढलेल्या कर्व्हखालचं क्षेत्रफळ शून्यापासून अनंतापर्यंत एवढंच भरलं पाहिजे, त्यापेक्षा जास्त जाऊच शकत नाही. २००० केल्विनपर्यंत मोजलंत तर साधारण दहातले नऊ भाग भरतात, उरलेली शेपटी पुढे लांब जाते. तिथपर्यंतचं क्षेत्रफळ ३७०० आलं की समजा उंची दुप्पट आहे. शिखराची उंची मात्र तपासायला वापरू नका, ती बॉक्सच्या साईझवर आणि तापमानाच्या पावलावर बदलते. दोन-तीन के-बीच्या आसपास असली की पुढे चला.

तिसरी पायरी: मोल, किलो, घनमीटर

इथून पुढे सोपं आहे. के-बी प्रति स्पिनला ८.३१४ ने गुणलं की ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन, मोल अर्थातच स्पिनचे. आपलं १.१४ झालं ९.५. त्याला मोलर मासने भागा, पण किलोमध्ये, ०.०५५८४५ ने, तर १७० ज्यूल प्रति किलो प्रति केल्विन. ग्रॅममध्ये भागलं तर ०.१७ येतं, ते ज्यूल प्रति ग्रॅम. हजारची चूक इथेच होते आणि ती लपत नाही, त्यामुळे मला तिची भीती वाटत नाही.

घनमीटरसाठी दोन रस्ते आहेत, दोन्ही करा. पहिला सिम्युलेशनच्या जाळीवरून: २ अणू भागिले बाजूचा घन, २.८६६ चा घन २३.५४, म्हणजे ८.५० × १०^२८ अणू प्रति घनमीटर, गुणिले के-बी, १.१७३ × १०^६ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन, दर १ के-बीला. दुसरा तराजूवरच्या घनतेवरून: १४८.९ ज्यूल प्रति किलो × ७८७४ किलो, १.१७२ × १०^६. जुळलं. फारच वेगळं आलं तर तुमच्या इनपुट फाईलमध्ये बाजूची लांबी चुकलीय किंवा पेशीत किती अणू आहेत ते चुकलंय. स्पिन सिम्युलेशनला बाजूच्या लांबीशी फारसं घेणंदेणं नसतं (डायपोल फील्ड लावलं नसेल तर), त्यामुळे तिथे कोणी २८.६६ लिहिलं तरी क्युरी तापमान बरोबरच येतं आणि चूक वर्षभर तशीच राहते. आपल्या उदाहरणात १.१४ × १.१७३ = १.३४ × १०^६, आणि दहा लाख ज्यूल प्रति घनमीटर म्हणजेच १ ज्यूल प्रति घन सेंमी, तेव्हा १.३४ ज्यूल प्रति घन सेंमी प्रति केल्विन असंही लिहिता येतं.

घनमीटर कशाला हवा? लेझर पल्सची सिम्युलेशन करणाऱ्यांना. टू-टेंपरेचर मॉडेलमध्ये (इलेक्ट्रॉनचं तापमान वेगळं, जाळीचं वेगळं) इलेक्ट्रॉन आणि जाळीच्या हीट कपॅसिटी घनमीटरमागे द्यायच्या असतात आणि हँडबुकात मात्र मोलमागे दिलेल्या असतात. लोखंडाच्या इलेक्ट्रॉनचा गुणांक ४.९८ मिलिज्यूल प्रति मोल प्रति केल्विन-वर्ग. एक मोल लोखंड व्यापतं ५५.८४५ भागिले ७.८७४, म्हणजे ७.०९ घन सेंमी. ०.००४९८ भागिले ७.०९ × १०^-६, आलं ७०२ ज्यूल प्रति घनमीटर प्रति केल्विन-वर्ग. लोक पेपरात लोखंडाला '७००' लिहितात ते इथून येतं. हा आकडा तापमानाने गुणल्याशिवाय हीट कपॅसिटी होत नाही, युनिटमध्ये केल्विनचा वर्ग आहे तो त्यासाठीच. ३०० ला गुणा, २.१ × १०^५.

उलटा सराव म्हणून शाळेतला आकडा घ्या. लोखंडाची विशिष्ट उष्माधारकता सुमारे ०.११ कॅलरी प्रति ग्रॅम प्रति अंश सेल्सिअस, पाठ केलेलं असेल. अंश सेल्सिअस आणि केल्विन, फरकासाठी एकच. ४१८४ ने गुणा, ४६० ज्यूल प्रति किलो. ०.०५५८४५ ने गुणा, २५.७ ज्यूल प्रति मोल. ८.३१४ ने भागा, ३.०९ के-बी प्रति अणू. तीन! ड्यूलाँ आणि पेटिट यांनी १८१९ मध्ये जे बघितलं होतं तेच, की कुठलाही घन धातू घ्या, अणूमागे जवळपास सारखंच. दहावीत ०.११ हा नुसता पाठ करायचा आकडा होता, के-बीमध्ये आणल्यावर तो बोलायला लागतो.

एकापेक्षा जास्त प्रकारचे अणू असतील तर

इथे मोल हा शब्द फसवतो. यिट्रियम आयर्न गार्नेट घ्या, तीन यिट्रियम, पाच लोखंड, बारा ऑक्सिजन. सिम्युलेशनमध्ये स्पिन फक्त पाच लोखंडांवर. कोड म्हणाला १ के-बी प्रति स्पिन, तर एक मोल फॉर्म्युला युनिटचे ५ × ८.३१४ = ४१.६ ज्यूल प्रति केल्विन, आणि फॉर्म्युला युनिटचं वजन ७३७.९ ग्रॅम, म्हणजे ५६.३ ज्यूल प्रति किलो. कोणी सगळ्या वीस अणूंवर वाटलं तर २.०८ ज्यूल प्रति मोल-अणू, तेही चूक नाही, पण लिहायला हवं. नुसतं 'प्रति मोल' लिहिलंत तर वाचणाऱ्याकडे ८.३, ४१.६ आणि २.०८ असे तीन अर्थ आहेत.

आयर्न-प्लॅटिनमचं अजून गमतीशीर आहे, गरम करून लिहिणाऱ्या हार्ड डिस्कमध्ये वापरतात ते. बऱ्याच मॉडेलमध्ये प्लॅटिनमला स्वतंत्र स्पिन देत नाहीत, त्याचा परिणाम लोखंडाच्या एक्सचेंजमध्येच घालतात. स्पिन एकच, वजन मात्र दोघांचं, २५०.९ ग्रॅम. म्हणून १ के-बीला ३३.१ ज्यूल प्रति किलो, शुद्ध लोखंडाला १४८.९ होते. प्लॅटिनमचं वजन धरायला विसरलात तर साडेचार पट जास्त.

प्रयोगाशी तुलना करायच्या आधी

युनिट बरोबर झाल्यावरही प्रयोगाशी जुळणार नाहीये, आणि ती युनिटची चूक नाही, त्यामुळे परत मागे जाऊन गुणक शोधू नका. प्रयोगात मोजतात ते सगळं मिळून, जाळीचं कंपन, इलेक्ट्रॉन आणि चुंबकत्व. खोलीच्या तापमानाला लोखंडाचे जे २५ ज्यूल प्रति मोल आहेत त्यातला बहुतेक हिस्सा जाळीचा. त्यावर आपले ९.५ टाकले तर बेरीज फुगते, कारण क्लासिकल स्पिन थंडीतसुद्धा पूर्ण १ के-बी खातात, आणि खऱ्या फेरोमॅग्नेटमधले मॅग्नॉन (स्पिनच्या डुलण्याच्या क्वांटम लाटा) थंडीत गोठतात, त्यांची स्पेसिफिक हीट तापमानाच्या दीडाव्या घाताने शून्याला जाते.

यावर एक तोडगा चालतो, तापमान रीस्केल करायचा, २०१५ मध्ये इव्हान्स, अॅचिटिया आणि चँट्रेल यांनी मांडलेला: सिम्युलेशनचं तापमान भागिले क्युरी तापमान = खरं तापमान भागिले क्युरी तापमान, याचा अल्फा घात, लोखंडाला अल्फा २.८७६. खरं ३०० केल्विन हवं असेल तर सिम्युलेशन चालतं साधारण २९ केल्विनला. चुंबकत्वाचा कर्व्ह यातून झकास जुळतो, पण स्पेसिफिक हीट काढताना लोक विसरतात की आता तापमानं दोन आहेत. फ्लक्चुएशनच्या सूत्रात सिम्युलेशनचंच तापमान घालायचं, २९, तीनशे नाही. त्यातून येते सिम्युलेशनच्या एका केल्विनमागची किंमत, साधारण १ के-बी. खऱ्या एका केल्विनमागे हवी असेल तर अल्फा × २९ भागिले ३००, म्हणजे ०.२७८ ने गुणायचं. आलं ०.२८ के-बी, २.३ ज्यूल प्रति मोल. ९.५ ऐवजी २.३, आणि जाळीच्या वर एवढंसं चुंबकीय, हे बरंच पटण्यासारखं आहे. सूत्रात २९ च्या जागी चुकून ३०० घातलंत तर मात्र उत्तर शंभरपटीने खाली येतं, आणि डावं टोक बघायची सवय असेल तर तिथेच कळतं.

क्युरी तापमानाच्या अगदी खाली हाच गुणक २.८७६ होतो आणि वर, जिथे रीस्केल करत नाहीत तिथे, १. म्हणजे कर्व्हमध्ये आपणच घातलेली एक उडी येते. ती फिजिक्स नाही. मी त्या भागात रीस्केल केलेला आणि न केलेला असे दोन्ही कर्व्ह एकाच प्लॉटवर ठेवतो आणि उभ्या अक्षावर पूर्ण लिहितो: 'के-बी प्रति लोखंड अणू, सिम्युलेशन तापमानामागे'. लेबल लांब होतं, फॉन्ट बारीक करावा लागतो, पण मीटिंगमध्ये ताईने अजून परत कॅल्क्युलेटर काढायला लावलेला नाही.